भीड, नव्वद नॉट आणि मागून येणारी एअरबस

विमान कुठं आपटलं नाही, कुणाला खरचटलंही नाही. धावपट्टी वेळेत मोकळी झाली नाही, म्हणून मागून येणाऱ्या प्रवासी विमानाला उतरायच्या बेतात असताना पुन्हा वर जावं लागलं, एवढंच घडलं. मोठ्या विमानतळांवर असं अधूनमधून होतं आणि त्याची बातमी होत नाही. तरी हे प्रकरण सविस्तर लिहायला घेतलं, कारण त्यातली खरी चूक हाताची नव्हती, तोंडाची होती. वेळेवर तोंड न उघडणारे आम्ही दोघंही होतो, शिकणारा आणि शिकवणारा.

कोण, कुठून, कशाला

मी कऱ्हाडला उड्डाण प्रशिक्षक आहे. ज्याच्याबद्दल लिहितोय तो शिकाऊ वैमानिक तासगाव तालुक्यातला, द्राक्षबाग आणि बेदाण्याच्या घरातला. वय एकवीस. लॉगबुकात दीडशेवर तास जमलेले. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, त्यातले १०० स्वतः कमांडमध्ये, आणि त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक लांब फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. त्याची ती फेरी राहिली होती. त्याआधी गर्दीचं विमानतळ कसं असतं ते मी शेजारी असताना त्याने एकदा बघावं, असं माझ्या मनात होतं. उद्या हा एखाद्या विमान कंपनीत लागला तर जन्मभर अशाच ठिकाणी उतरणार.

विमान सेसना १७२. चार आसनं, एक इंजिन, पूर्ण भरलं तरी साडेअकराशे किलोच्या आसपास. आमच्याकडच्या उसाच्या एका ट्रॉलीत याहून कितीतरी जास्त वजन असतं. उतरताना शेवटच्या टप्प्यात ते ६५ नॉटने येतं, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. पुणे-बंगळूर हायवेला एखादा उतावळा कारवाला याहून जोरात जातो.

कऱ्हाडची धावपट्टी १२८० मीटरची, कोयना प्रकल्पाच्या काळातली. रीतसर टॉवर, म्हणजे विमानांना सूचना देणारा नियंत्रण कक्ष, नाही. आपणच रेडिओवर सांगायचं, मी आता डाउनविंडला आहे (पट्टीला समांतर, उलट दिशेने), मी आता फायनलला वळलो (पट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा). ऐकणारं दुसरं विमान असलं तर ते ऐकतं, नसलं तर आपला आवाज आपल्यालाच. कोल्हापूरला पोरगं जाऊन आलं होतं. तिथे टॉवर आहे, पण दिवसभरातली विमानं मोजायला हाताची बोटं बरीचशी पुरतात. थोडक्यात, दीडशे तास उडूनही ‘तुझ्या मागे कुणीतरी आहे, आटप’ असं त्याला हवेत कुणी म्हटलं नव्हतं.

पुण्याचं लोहगाव म्हणजे वेगळाच मामला. मुळात तो हवाई दलाचा तळ. सुखोई तिथलीच, धावपट्टी एकच, २५३५ मीटरची, आणि हवाई वाहतूक नियंत्रणही हवाई दलाकडे. त्याच एका पट्टीवर दिवसभर प्रवासी विमानांची रांग. आमच्यासारख्या किरकोळ पाहुण्याला आधी परवानगी काढावी लागते. ती काढण्यासाठी मी बरीच पत्रापत्री केली होती. हे इथे सांगतोय कारण पुढे त्याचा संबंध येतो.

निघायच्या दिवशी सकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला.

“सर, पुण्याच्या इमानतळावर आपलं इमान उतरवणार म्हणतंय पोरगं. खरं काय?”

“खरं आहे.”

“मग जरा नीट. मोठ्या लोकांच्यात जायचंय.”

मी हसून फोन ठेवला. तेव्हा त्या वाक्यात काही खटकलं नाही.

रुळांच्या कडेने

मार्चमधली दुपार. ब्रेथ ॲनालायझर झाला, फ्लाइट प्लॅन गेला, एडीसी आणि एफआयसी हे उड्डाणाच्या मंजुरीचे नंबर हातात आले. कऱ्हाडहून लोहगाव सरळ रेषेत ८० नॉटिकल मैलांच्या आत आहे, आमच्या चालीने पाऊण तास. मी त्याला मिरज-पुणे रेल्वेच्या कडेने जायला सांगितलं. जीपीएस आहे, पण रूळ खोटं बोलत नाहीत. मसूर, रहिमतपूर, कोरेगाव. डावीकडे जरंडेश्वर, त्याच्या पलीकडे धुरकट अजिंक्यतारा. वाठार, आदर्कीचा घाट, लोणंद, नीरा. साडेसहा हजार फुटांवर हवा किंचित उसळत होती, त्याचा हात मात्र स्थिर. उजवीकडे जेजुरी आणि डावीकडे पुरंदर दिसायला लागला तसा मी त्याला म्हणालो, आता फक्त कान उघडे ठेव.

रेडिओ बदलला आणि एकदम बाजारात शिरल्यासारखं झालं. बोलण्यात फट म्हणून नाही. एक उतरतंय, एक वाट बघतंय, एकाला उंची सोडायची आहे. पोराने पहिला कॉल तोंडपाठ करून आणला होता, पण तो टाकायला जागाच सापडेना. दोनदा बटण दाबलं आणि सोडलं. तिसऱ्यांदा सापडली. इथपर्यंत सगळं ठीक. हडपसरला ग्लायडर उडतात, म्हणून आम्हाला शहराच्या पूर्वेकडून घेतलं आणि सांगितलं, धावपट्टी २८, डाव्या बेसने या. म्हणजे पट्टीच्या रेषेकडे आडवं यायचं आणि डावीकडे वळून पश्चिमेला तोंड करून उतरायचं.

थेऊरवरून खाली

लोणी काळभोर मागे पडलं, खाली मुळा-मुठेचं वळण आणि थेऊर. चिंतामणीला आम्ही दोघांनी मनातल्या मनात हात जोडले असावेत, बोललो नाही. डावीकडे वळलो की समोर लोहगाव, अंतर सहा मैल (हवेतले मैल नॉटिकलच). वेग ९० नॉट.

तेव्हा टॉवरचा आवाज आला: तुमच्या मागे, पट्टीपासून बारा मैलांवर एअरबस ३२० आहे, शेवटपर्यंत जमेल तेवढा वेग राखा, उतरल्यावर पट्टी लवकर मोकळी करा.

पोरगं एका क्षणात म्हणालं, “विल्को.”

विल्को म्हणजे समजलं आणि तसंच करतो. रॉजरचा अर्थ फक्त ‘ऐकलं’ एवढाच. या दोन शब्दांतला फरक मी त्याला पहिल्या आठवड्यात शिकवला होता. शब्द त्याने बरोबर वापरला, वचन चुकीचं दिलं. जमेल तेवढा वेग म्हणजे समोरच्याच्या डोक्यात किती नॉट, हे त्याने विचारलं नाही, आणि आपला किती, हेही सांगितलं नाही.

आणि मी? माझ्या तोंडाशी आलं होतं. मनात आकडे फिरत होते आणि ते जुळत नव्हते. तरी गप्प बसलो. का, ते पुढे.

तीन मैलांवर त्याने कळवलं. टॉवर म्हणाला, मागचं विमान जवळ येतंय, वेग ठेवा. उतरायची परवानगी मिळाली. दोन मैल, ९० नॉट. एक मैल, ९० नॉट. मी म्हणालो, “फ्लॅप?” तो म्हणाला, “सर, वेग ठेवायला सांगितलंय.” फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला खाली उतरणाऱ्या झडपा. या विमानाला पूर्ण फ्लॅप ८५ नॉटच्या वर काढायचे नसतात. ९० वर आहेस तोवर हवेतला ब्रेक हातात नाही. अर्ध्या मैलावर, जमिनीपासून दीडशे फुटांवर, त्याने एकदम थ्रॉटल बंद केला, ८५ च्या खाली आल्या आल्या फ्लॅप सोडले, नाक वर उडालं, त्याने दाबलं. पट्टीच्या टोकावरून आम्ही ८० नॉटने गेलो. हवे होते ६५.

मग सेसना जे करते तेच तिने केलं. टेकेचना. तरंगत राहिली. त्यात पट्टी कऱ्हाडपेक्षा रुंद. रुंद पट्टीवर आपण आहोत त्याहून खाली आलोय असं वाटतं, म्हणून नाक लवकर उचललं जातं. पोराने उचललं. वरच वेग संपला, धप्पकन बसलो, उसळलो. मी “आय हॅव कंट्रोल” म्हणालो, थोडा थ्रॉटल दिला, दुसऱ्यांदा नीट टेकवलं. तोपर्यंत पट्टीचा मोठा तुकडा मागे गेला होता आणि ज्या टॅक्सीवेने बाहेर पडायचं तोही. पुढचा लांब. आम्ही पळत सुटल्यासारखं टॅक्सी करत होतो तेवढ्यात ऐकू आलं, आमच्यासाठी नव्हे, मागच्यासाठी: “गो अराउंड.” म्हणजे उतरू नका, पुन्हा वर जा. शांत आवाज, रोजचं काम. काही सेकंदांनी डोक्यावरून तो गडगडाट गेला. पोराने मान वर केली नाही.

फोनवरची दोन मिनिटं

एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागी, इंजिन बंद केलं तर सगळीकडे शांतता. त्याला पहिल्यांदा काय सुचलं असेल? फोटो. सवयच ती. हवाई दलाचा तळ आहे, खिशात ठेव म्हणालो.

ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांशी बोलायला सांगितलं होतं. मी फोन केला. शिव्या खायच्या तयारीने केला होता, पण आवाज चढला नाही. त्यांनी एकच विचारलं: फायनलला खरा वेग किती होता? ९० आणि नंतर घाईने कमी, असं मी सांगितलं. मग ते म्हणाले, सहा मैलांवरच बोलला असता तर बेसवर एक चक्कर मारायला लावली असती, एअरबस पुढे काढली असती आणि तुम्हाला तिच्या मागे आणलं असतं. दोन मिनिटं. विषय संपला.

तिकडे एअरबसने पुन्हा चक्कर मारली आणि उतरली. तिच्या एका गो-अराउंडला काही शे किलो इंधन जातं. दीडएकशे प्रवाशांच्या पोटात गोळा आला असेल तो वेगळाच. आमची ती चक्कर आणि मागची वाट बघणं धरलं, तर पाच-सात मिनिटांचं पेट्रोल, चारेक लिटर.

भीड

चहा घेताना मी त्याला विचारलं, “तुला कळलं होतं का, की जमणार नाही?”

“थोडं थोडं कळलं होतं, सर.”

“मग?”

“ते एवढ्या गर्दीत आपल्याला घेतायत. त्यात परत आपण नाही म्हणायचं?”

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. हवेत ती त्याहून महाग पडते. आमच्या भागात मुलांना एक वळण लावलेलं असतं: मोठ्यांनी काही सांगितलं की हो म्हणायचं, मग जमवायला धावायचं. शेतात, दुकानात, पाहुण्यांत ते चालून जातं, कारण तिथे जमलं नाही तर उद्या करता येतं. फायनलला उद्या नसतो. टॉवरमधला माणूस आपल्या ‘हो’वर पुढच्या चार विमानांची रांग लावतो. आपण लाजून म्हटलेला होकार त्याच्यासाठी पक्की माहिती असते. त्याला आपला चेहरा दिसत नाही, आवाजातली का-कू रेडिओत गाळली जाते.

बाहेरच्यांना वाटेल, मोठ्या विमानतळावरचे लोक लहान विमानाला हिडीसफिडीस करतात. माझा अनुभव तसा नाही. त्यांना हळू विमानाचा त्रास होतच नाही असं म्हणणार नाही. पण हळू विमानासाठी त्यांच्याकडे दहा उपाय असतात. हळू असून जोरात येतो म्हणणाऱ्यासाठी एकच उरतो, आणि तो त्यांनी त्या दुपारी वापरला.

आता माझी बाजू. परवानगी मिळवायला मी खपलो होतो. आपल्या छोट्या गावातलं विमान आलंय, तर ते अडथळा वाटू नये, पुढच्या वेळी दार बंद होऊ नये, असं मला वाटत होतं. म्हणजे पोराच्या वडिलांचं ‘मोठ्या लोकांच्यात जायचंय’ हे माझ्याही डोक्यात होतं, फक्त माझ्या खांद्यावर पट्ट्या होत्या. पोराची भीड समजण्यासारखी आहे, ते शिकतंय. माझी समजण्यासारखी नाही. सहा मैलांवर एक शब्द मी उच्चारला असता तर हा लेख झालाच नसता.

हे मी त्याला तसंच सांगितलं. तो जरा गप्प राहिला आणि मग म्हणाला, “चुलता उसाचा ट्रॅक्टर चालवतो, सर. हायवेला मागून व्होल्वो हॉर्न देत असते. चुलता म्हणतो, हॉर्न त्याचा, ब्रेक आपला. हात बाहेर काढून सांगायचं, थांब. दोन ट्रॉल्या भरल्या असताना पळवल्या तर आपणच रस्त्यावर आडवं.”

मी म्हणालो, “मग तुला आधीच सगळं येत होतं.”

कागदाच्या मागच्या बाजूला आम्ही तीन शब्द लिहिले. अनेबल, म्हणजे जमणार नाही. से अगेन, म्हणजे पुन्हा सांगा. स्टँडबाय, म्हणजे थांबा, सांगतो. तिन्ही प्रमाणित शब्द आहेत, तिन्हींत उद्धटपणा नाही. नुसतं अनेबल म्हणून सोडू नये, हे मात्र त्याला बजावलं. त्याच्या पाठोपाठ आपल्याला काय जमतं ते सांगायचं: अनेबल, फायनलचा वेग ६५ नॉट, हवं तर चक्कर मारतो. मग समोरच्याला काम करता येतं.

परत निघताना

त्याच संध्याकाळी परीक्षा झाली, मी न घेता.

आपल्याकडे अशी उड्डाणं सूर्यास्ताच्या आत संपवावी लागतात, म्हणून साडेचारला इंजिन सुरू केलं. पुढे एक एअरबस ३२० निघणार होती, मागे आणखी एक. टॉवरने आम्हाला सोयीचा म्हणून पर्याय दिला: पट्टीच्या मधूनच, टॅक्सीवेवरून आत येऊन निघता का? वेळ वाचेल. दुपारचं पोरगं असतं तर विल्को म्हणालं असतं. त्याने बटण दाबलं, “स्टँडबाय” म्हणालं, माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मग ते म्हणालं, “अनेबल, फुल लेंथ घेतो.” टॉवर म्हणाला, ठीक, टोकाला जा, वेक टर्ब्युलन्ससाठी थांबा.

याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांवरून हवेचे दोन भोवरे मागे सुटतात, आडव्या पडलेल्या वावटळींसारखे. पंखांनी वजन उचललं की ते सुरू होतात, म्हणजे निघताना नाक उचललं त्या जागेपासून. आणि उतरताना पुढचं चाक टेकलं की थांबतात. विमान जितकं जड, जितकं हळू आणि फ्लॅप जितके कमी, तितके भोवरे जोरकस. सुटल्यावर ते मिनिटाला तीनशे ते पाचशे फूट खाली बसत जातात. सोसाट्याचा वारा असला की लवकर मोडतात. त्या दिवशी वारा नावापुरता होता, आणि हाच सगळ्यांत वाईट प्रकार. तीन-पाच नॉटचा आडवा वारा असला तर दोनांपैकी एक भोवरा पट्टीवरच खिळून राहतो. भोवरे दिसत नाहीत. आमच्या वजनाचं विमान त्यात सापडलं तर कुशीवर पालथं होतं आणि हँडल पूर्ण वळवूनही सरळ होत नाही. जमिनीजवळ हे झालं की पुढचं सांगायला नको.

आता आकडे. विमानांचे वजनावर गट आहेत: ७ टनांपर्यंत हलकं, त्यावर १३६ टनांपर्यंत मध्यम, त्यापुढे जड. एअरबस ३२० मध्यम. तिच्या मागून हलकं विमान त्याच जागेवरून निघणार असेल तर दोन मिनिटं थांबायचं, आणि पट्टीच्या मधून निघणार असेल तर तीन. उतरताना तिच्या मागे तीन मिनिटं, रडारवर असाल तर पाच मैल. मधून निघताना एक मिनिट जास्त का? एअरबस दीड किलोमीटरच्या आसपास धावून नाक उचलते. आमचं विमान टोकापासून निघालं तर पाचशे मीटरच्या आत हवेत, म्हणजे तिच्या भोवऱ्यांच्या जागेच्या कितीतरी आधी. मधून, समजा बाराशे मीटरवरून, निघालो असतो तर जमीन सोडली असती बरोबर सतराशेवर, भोवऱ्यांच्या पोटात. पोराने हे सगळं त्या क्षणी मोजलं का? नाही. ते नंतर म्हणालं, “मला फक्त एवढंच आठवलं की तिच्या आधी उचलायचं.” पुरे आहे तेवढं.

दोन मिनिटं थांबलो. मागच्या विमानाचे दिवे आमच्या शेपटीवर होते. पोराने घड्याळ बघितलं, मागे बघितलं नाही. निघालो, उचललं, सांगितल्याप्रमाणे डावीकडे दक्षिणेला वळलो. आदर्कीवर येईपर्यंत केबिनमध्ये कुणी बोललं नाही. नंतर बोललो ते कऱ्हाडला पोचल्यावर भेळ कुठे खायची, यावर.

खडूची रेघ

दुसऱ्या दिवशी सकाळी हँगरच्या फरशीवर मी खडूने रेघ मारली. एक फूट म्हणजे एक मैल. शेवटी पट्टी. सहा फुटांवर काडेपेटी म्हणजे आम्ही, बारा फुटांवर जेवणाचा डबा म्हणजे एअरबस. एका पोराने घड्याळ धरलं, दुसऱ्याने डबा, तासगावकराने काडेपेटी. दर अर्ध्या मिनिटाला दोघांनी आपापल्या वेगाने सरकवायचं.

डबा पहिले सहा मैल १७० नॉटने आला, पुढचे १४० ने. एकूण पावणेपाच मिनिटांत दोन-चार सेकंद कमी. काडेपेटी ९० नॉटने सहा मैल काटायला बरोबर चार मिनिटं घेते. म्हणजे शेवटपर्यंत ९० नॉट ठेवले तरी डबा पट्टीच्या टोकावर येईपर्यंत आमच्या हातात चाळीसेक सेकंद. त्यात टेकायचं, वेग मारायचा, वळून बाहेर पडायचं. ९० नॉटने तर टेकताच येत नाही. आणि नेहमीच्या ६५ नॉटने आलो असतो तर साडेपाच मिनिटं. डबा आमच्या आधी पोचला असता, वाटेत आमच्यावरून.

हे बघून पोरं जी गप्प झाली ती माझ्या तासाभराच्या भाषणाने झाली नसती. सहा मैलांवर, पहिल्याच वाक्याला, हे गणित तुटलेलं होतं. पुढे जे झालं, फ्लॅप, उसळी, चुकलेला टॅक्सीवे, ती सगळी त्या तुटलेल्या गणिताला गाठी मारायची धडपड.

पोराने विचारलं, वेग फक्त पंधरा नॉट जास्त होता, तरी एवढं का तरंगलो? कारण विमानातली गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० आणि ६५ यांचं प्रमाण सव्वापटीच्या आत, पण वर्ग केला की दीडपट. ती जादाची अर्धी ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी, आणि सेसनाचा पंख हवा सोडायला तयार नसतो. २५३५ मीटर पट्टी होती म्हणून निभावलं. हीच करामत कऱ्हाडला केली असती तर पट्टीपलीकडचं रान जवळून बघायला मिळालं असतं.

आणखी एक गोष्ट त्या फरशीवर निघाली. आमच्याच नियमाप्रमाणे जमिनीपासून पाचशे फुटांवर वेग, फ्लॅप आणि उतार तिन्ही बसलेले हवेत, नाहीतर वर जायचं. आम्ही तेव्हा दीड मैलाच्या थोडं पुढे होतो आणि तिन्हींपैकी फक्त उतार बसलेला. वर जायला हवं होतं. मग एअरबस निवांत उतरली असती. पण एकदा वेग ठेवतो म्हटल्यावर सोडून देणं हेही आम्हाला शब्द मोडल्यासारखं वाटलं. पुन्हा तेच.

अजून न मिटलेलं

ब्रीफिंगच्या कागदात आता एक ओळ वाढली आहे: टॉवर असलेल्या विमानतळावर पहिल्याच कॉलला आपला फायनलचा वेग आकड्यात सांगायचा. त्यावर कुणाचं दुमत नाही.

दुमत आहे ते माझ्या एका सहकारी प्रशिक्षकांशी. त्यांचं म्हणणं, सहा मैलांवर अनेबल म्हणणं हा भित्रेपणा आहे. मोठ्या विमानतळावर जायचं तर एक मैलापर्यंत ९०-१०० नॉट ठेवून मग ६५ वर आणायची कला यायलाच हवी. सेसनाला थ्रॉटल काढून फ्लॅप दिले की ती बैलगाडीसारखी थांबते, पोराला ते शिकवलंच नव्हतं, दोष तिथे आहे. मी म्हणतो, कला शिकवू, पण मग पाचशे फुटांच्या नियमाचं काय करायचं? ते म्हणतात, नियम तसाच, फक्त वेग कमी करायला दीड मैल उरायच्या आधीच सुरुवात करायची, तेवढ्यात बसतं. मी म्हणतो, तेवढ्यात बसलं तरी त्या दिवशीची चाळीस सेकंदं वाढत नव्हती, उलट घटत होती. ते म्हणतात, सगळे दिवस त्या दिवसासारखे नसतात.

सध्या मसूरच्या वर तीन हजार फुटांवर आम्ही हवेतच काल्पनिक पट्टी धरून याचा सराव घेतोय, ९० पासून ६५ पर्यंत, किती उंची जाते आणि किती सेकंद लागतात ते पोरगं वहीत लिहून ठेवतं. दोन दिवस मी शेजारी होतो, दोन दिवस ते. दोघांनी दोन वेगळ्या पद्धती सांगितल्या. काल उतरल्यावर पोराने हेडसेट काढला आणि म्हणालं, “अनेबल, सर. तुम्ही दोघं आधी एक काय ते ठरवा.”